सेवाभावी संस्थांतील नोकरभरती : माणसाचे ग्रह आणि यंत्राची चाळणी



ज्याचे आयुष्य कारखान्यांच्या दारावर गेले अशा कामगारसंघटकाने सेवाभावी संस्थांच्या नोकरभरतीविषयी का बोलावे, अशी शंका कोणास आली तर ती रास्तच आहे. तिचे उत्तर आपल्या उपनगरांतच सापडेल. कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत लालबहादूर शास्त्री मार्गाच्या दोन्ही अंगांस जे कारखाने होते, त्यांतले पुष्कळसे गेल्या तीस-चाळीस वर्षांत बंद पडले आणि त्यांच्या जागी टोलेजंग इमारती व मॉल उभे राहिले. त्या कामगारांची मुले-मुली आज नोकरी शोधतात ती दुकानांत, दवाखान्यांत, कॉल सेंटरांत आणि सेवाभावी संस्थांत. बालवाड्या, आरोग्यकेंद्रे, महिलांची समुपदेशन केंद्रे, अपंगांच्या शाळा चालविणाऱ्या संस्था अंधेरीत आहेत, बोरिवलीत आहेत, घाटकोपर-मुलुंडलाही आहेत. तेथे पगार आहे, वरिष्ठ आहेत आणि दारही आहे. ते दार कोणासाठी उघडते व कोणासाठी उघडत नाही, हा प्रश्न कामगारचळवळीचाच आहे.

या संस्थांची घडण आधी सांगितली पाहिजे. आपल्या राज्यात त्यांतल्या बहुतेक 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या असतात. काही 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली, तर काही 2013 च्या कंपनी कायद्याच्या आठव्या कलमाखाली. नफा वाटून घ्यावयाचा नाही, ही सर्वांची समान अट. त्यांच्या चालकांत आम्ही अनेक सज्जन माणसे पाहिली आहेत. त्यांना कोणी म्हणाले, की तुमच्याकडे नोकरी देताना भेदभाव होतो, तर ती मनापासून दुखावतील. आणि ती खोटे बोलत नसतील. आजचा आपला विषय तेथूनच सुरू होतो. मनात पाप नसताना हातून अन्याय घडतो तो कसा, आणि संगणकाच्या साहाय्याने तो कितपत टाळता येतो?

पक्षपात दोन तऱ्हांचा असतो. एक उघड. ‘अमक्या जातीचा, अमक्या धर्माचा माणूस आम्हांस नको,’ असे मनाशी ठरवून केलेला. दुसरा नकळतचा. पन्नास अर्ज वाचून थकलेला माणूस एकावन्नावा उघडतो. आडनाव परिचयाचे, कॉलेज पार्ल्याचे, इंग्रजी सफाईदार. त्याचे मन म्हणते, ‘हा आपल्यात मिसळून जाईल.’ बावन्नाव्या अर्जावर गोवंडीच्या शिवाजीनगरचा पत्ता आहे, पदवी रात्रीच्या कॉलेजची आहे, मधली दोन वर्षे रिकामी आहेत. मन म्हणते, ‘पाहू नंतर.’ येथे कोणी कोणाचा द्वेष केलेला नाही. मनाने केवळ जवळची वाट धरली. परंतु जिचा अर्ज ‘नंतर’च्या गठ्ठ्यात गेला, तिच्या घरी त्या महिन्याचा पगार आला नाही. द्वेषाने गेला की कंटाळ्याने गेला, याने तिच्या चुलीला फरक पडत नाही.

मानसशास्त्रज्ञांनी या नकळतच्या ग्रहांचा बराच अभ्यास केला आहे. अमेरिकेतील अँथनी ग्रीनवाल्ड आणि मूळच्या सिकंदराबादच्या माहजरीन बानाजी यांची नावे त्यात अग्रगण्य आहेत. 1998 साली ग्रीनवाल्ड व सहकाऱ्यांनी एक चाचणी प्रसिद्ध केली. दोन गोष्टींची सांगड घालताना मनाला क्षणाचा किती अंश लागतो, यावरून तिच्यात मनाचा कल मोजतात. पण या चाचणीवरून एखादा माणूस प्रत्यक्षात कसा वागेल हे सांगता येते काय, याविषयी तज्ज्ञांत मोठा वाद आहे. त्या वादात आम्ही शिरत नाही. आमच्या कामापुरते एवढेच पुरे, की माणसाच्या मनात डोकावून पाहण्याचे भरवशाचे साधन अजून नाही. दार मात्र सर्वांना दिसते. दारातून कोण आत गेले आणि कोण परत फिरले, हे मोजता येते.

असे मोजमाप आपल्या देशात झालेही आहे. अमरावती जिल्ह्यातून पुढे आलेले अर्थशास्त्रज्ञ डॉ. सुखदेव थोरात आणि अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी वर्तमानपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या 548 जाहिरातींना 66 आठवड्यांत 4808 अर्ज धाडले. शिक्षण सारखे, पात्रता सारखी. फरक केवळ नावाचा. काही नावे सवर्ण हिंदूंची, काही दलितांची, काही मुसलमानांची. पुढचे बोलावणे येण्याच्या बाबतीत सवर्ण नावाचे पारडे 1 धरले, तर दलित नावाचे 0.67 आणि मुस्लिम नावाचे 0.33 भरले. हा अभ्यास 2007 साली मुंबईहून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातील मोठ्या कंपन्यांच्या 25 भरती-अधिकाऱ्यांना गाठून प्रश्न विचारले. सर्वांची भाषा गुणवत्तेची होती. तरीही मुलाखतीत उमेदवाराची ‘घरची पार्श्वभूमी’ विचारण्यात त्यांना काही वावगे वाटत नव्हते. वडील काय करतात, घर कोठे आहे, भावंडे किती शिकली, हे विचारले की जात विचारण्याची गरज उरत नाही.

तिसरा अभ्यास याहून बोधप्रद आहे. अभिजित बॅनर्जी व सहकाऱ्यांनी दिल्लीत अशीच अर्जांची परीक्षा घेतली; ती 2009 साली प्रसिद्ध झाली. सॉफ्टवेअरच्या जागांसाठी जातीवरून ठळक भेद दिसला नाही. कॉल सेंटरच्या जागांसाठी मात्र दिसला. इतर मागासवर्गीय नावांच्या बाबतीत तो अधिक होता. याचे कारण काय असावे? सॉफ्टवेअरचे काम येते की नाही, हे तपासता येते. कॉल सेंटरला ‘बोलण्याची ढब’ आणि ‘वागण्याची रीत’ हवी असते, आणि ती वाचणाऱ्याने नावावरून अंदाजाने ताडावयाची असते. कसोटी जेथे पक्की आहे तेथे ग्रहाला शिरण्यास फट कमी मिळते, असा अर्थ आम्ही यातून काढतो. आजच्या आमच्या बोलण्याचा गाभाही हाच आहे.

मुंबईच्या कामगाराला ही गोष्ट नवी नाही. त्याच्या आजोबाने ती गिरणीच्या दारावर भोगलेली आहे. गिरणीत कामावर कोणास घ्यावयाचे हे जॉबर ठरवीत असे. रोज सकाळी दारावर बदली कामगारांची रांग लागे आणि जॉबर बोट दाखवून माणसे उचली. त्याच्या गावचा, त्याच्या नात्याचा, त्याच्या हातावर दस्तुरी ठेवणारा तेवढा आत जाई. मालकाला यात पक्षपात दिसत नव्हता. जॉबर माणसे ओळखतो, एवढेच त्याला ठाऊक. कामगारविषयक शाही आयोगाने 1931 च्या अहवालात शिफारस केली, की कामावर घेण्याचे काम जॉबरकडून काढून घ्यावे आणि त्यासाठी अधिकारी नेमावेत. पुढे 1935 साली मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगारांच्या नियंत्रणाची योजना आली. ठरावीक कामगारांना कार्डे मिळाली आणि रोजच्या बदलीच्या कामात कार्डवाल्यास अग्रहक्क मिळाला. ते कार्ड म्हणजे त्या काळचे भरतीतंत्रच होते. त्याने जॉबरचा हात आखडला; पण संपला नाही. कारण कार्ड कोणास द्यावयाचे, हा प्रश्न मागे उरलाच होता.

याच गिरण्यांत दुसरे एक दार होते, ते कार्डानेही उघडले नसते. साचेखात्यात पगार चांगला. पण तेथे अस्पृश्य मानलेल्या कामगारांना प्रवेश नव्हता. नवी कांडी धोट्यात घालताना धाग्याचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि त्यांच्या तोंडचा धोटा आम्ही तोंडाला कसा लावू, असे सवर्ण कामगारच म्हणत. 1928 च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही गोष्ट संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवली आणि साचेखाते मोकळे करण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घालावी असा आग्रह धरला. पुढाऱ्यांनी ती घेतली, पण नाखुषीनेच. कामगारांची एकजूट सांगणाऱ्या चळवळीला स्वतःच्या घरातले बंद दार दुसऱ्याने दाखवून द्यावे लागले. सेवेचे व्रत घेतलेल्या संस्थांनी हे उदाहरण अवश्य आठवावे. हेतू थोर असला की दार आपोआप उघडे राहते, असे मुळीच नाही.

आता सेवाभावी संस्थांकडे वळू. यांच्यापुढच्या अडचणी कंपन्यांहून निराळ्या आहेत. भरतीसाठी स्वतंत्र खाते नसते. संचालक, एखादे विश्वस्त आणि हिशेबनीस मिळून माणूस निवडतात. पैसा मोजका असतो. परदेशी देणग्यांच्या कायद्यात 2020 साली दुरुस्ती झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली. तेव्हा जाहिरात देण्यापेक्षा ‘कोणी ओळखीचे आहे का?’ असे विचारणे स्वस्त पडते. मग ओळखीतून ओळखीचाच माणूस येतो. वशिल्याचे तट्टू म्हणावे असे त्यात काही नसते. माणूस लायकही असतो. परंतु ज्यांच्या ओळखी त्या कार्यालयापर्यंत पोहोचत नाहीत, त्यांना जागा रिकामी होती हेच कळत नाही.

दुसरी अडचण इंग्रजीची. 2014 पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याचा दोन टक्के भाग सामाजिक कामासाठी खर्चण्याचे बंधन आले. देणाऱ्या कंपनीला अहवाल इंग्रजीत लागतो, म्हणून संस्थेला इंग्रजी लिहिणारा माणूस लागतो. येथवर ठीक आहे. पण हळूहळू इंग्रजी ही सर्वच जागांची अट होऊन बसते. भांडुपच्या टेकडीवर घरोघर जाऊन गरोदर बायकांची नोंद ठेवणारीलाही इंग्रजीतच मुलाखत द्यावी लागते. त्या मुलाखतीत ती अडखळते, आणि तिला वस्तीतले प्रत्येक घर ठाऊक आहे ही गोष्ट कोणी विचारीतच नाही.

यावर कोणी म्हणेल, की दर्जा खाली येऊ देणे म्हणजे गरिबांचेच नुकसान करणे. दर्जाची काळजी आम्हांसही आहे, म्हणून मुंबईतले एक उदाहरण सांगतो. 1990 नंतरच्या दशकात मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने महापालिकेच्या शाळांत मागे पडलेल्या मुलांसाठी ‘बालसखी’ नेमल्या. या बालसख्या म्हणजे त्या त्या वस्तीतल्या, शालेय शिक्षण पुरे केलेल्या तरुण मुली. त्यांना सुमारे दोन आठवड्यांचे शिक्षण दिले जाई आणि रोज दोन तास त्या मुलांना शिकवीत. मुंबई व वडोदरा येथे 2001 ते 2003 या काळात याची शास्त्रशुद्ध परीक्षा झाली आणि मुलांचे गुण वाढलेले आढळले. तो निबंध 2007 साली प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांपैकी अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो यांना 2019 चा अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला. बी.एड्. ही अट घातली असती, तर या मुली पहिल्याच चाळणीत गळाल्या असत्या. कागदावरची पात्रता आणि कामाची पात्रता यांत कधी कधी एवढे अंतर असते.

मग यंत्र येथे काय करू शकते? भरतीची संगणकप्रणाली म्हटले की लोकांस एकच वस्तू डोळ्यांपुढे येते. वस्तुतः तीत निदान चार निरनिराळी कामे आहेत, आणि त्यांचे गुणदोषही निरनिराळे आहेत.

पहिले काम नोंद ठेवण्याचे. अर्ज कधी आला, कोणी वाचला, कोठे अडला, हे प्रणाली टिपून ठेवते. हे काम निरुपद्रवी आणि अत्यंत उपयोगी आहे. दुसरे काम झाकण्याचे. नाव, छायाचित्र, वय, पत्ता, कॉलेज ही माहिती वाचणाऱ्यापासून लपवून केवळ उत्तरे त्याच्यापुढे ठेवता येतात. ब्रिटनमध्ये सरकारी ‘बिहेवियरल इनसाइट्स टीम’मधून निघालेली ‘अप्लाइड’ ही प्रणाली याच तत्त्वावर चालते. ती आणखी एक करते. एका उमेदवाराची सारी उत्तरे सलग दाखविण्याऐवजी सर्वांचे पहिल्या प्रश्नाचे उत्तर, मग सर्वांचे दुसऱ्याचे, अशी वाटणी करते. त्यामुळे पहिले उत्तर आवडले म्हणून पुढची सगळी गोड लागली, असे होत नाही.

तिसरे काम शब्द चाळण्याचे. संस्था काही शब्द ठरवून देते आणि ते ज्या अर्जात असतील तेवढे अर्ज वर येतात. येथे धोका सुरू होतो. ‘कम्युनिटी मोबिलायझेशन’ हे शब्द ज्याला ठाऊक आहेत तो वर येतो. पाण्याच्या नळासाठी साऱ्या चाळीला वॉर्ड ऑफिसवर नेणारी बाई त्याच कामाला ‘बायकांना गोळा केले’ असे म्हणते, आणि ती खाली राहते.

चौथे काम क्रम लावण्याचे. प्रणालीला मागील निवडी दाखवितात आणि त्यांवरून ती नव्या अर्जांना गुण देते. अ‍ॅमेझॉन कंपनीने अशी प्रणाली 2014 पासून घडविण्याचा प्रयत्न केला. तिला मागील दहा वर्षांचे अर्ज शिकविले होते, आणि ते बहुतेक पुरुषांचे होते. परिणामी ज्या अर्जात ‘महिलांचा’ असा शब्द आला, उदाहरणार्थ महिलांच्या बुद्धिबळ मंडळाची प्रमुख, त्या अर्जाचे गुण ती कमी करू लागली. कंपनीने अखेर तो नाद सोडला, हे 2018 च्या ऑक्टोबरात रॉयटर्स वृत्तसंस्थेने उघड केले. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? ज्या संस्थेने वीस वर्षे ओळखीतून माणसे घेतली, तिच्या निवडींवर शिकलेले यंत्र त्या ओळखीच पुढे चालवील. फरक इतकाच, की जॉबरला निदान जाब विचारता येत होता. यंत्राचा कौल मात्र लोक ‘शास्त्रीय’ म्हणून मान खाली घालून मानतात.

झाकण्याच्या उपायालाही मर्यादा आहेत. फ्रान्समध्ये 2009-10 साली सरकारी रोजगार सेवेने काही कंपन्यांना नाव झाकलेले अर्ज पाठविले. अपेक्षा अशी, की परदेशी वंशाच्या उमेदवारांना अधिक बोलावणी येतील. प्रत्यक्षात कमी आली. ज्या कंपन्या या प्रयोगात स्वखुशीने उतरल्या होत्या, त्या मुळातच अशा उमेदवारांना समजून घेणाऱ्या होत्या. नाव दिसे तेव्हा मधल्या रिकाम्या वर्षांमागची अडचण त्या ओळखीत. नाव झाकल्यावर केवळ रिकामी वर्षे दिसली. आपल्याकडेही हे लक्षात ठेवणे भाग आहे. मानखुर्दला काम करावयाचे असेल, तर मानखुर्दचा पत्ता ही उणीव नसून पात्रता आहे. तो झाकून काय साधणार? अशा वेळी ‘या वस्तीची माहिती’ ही कसोटी उघडपणे जाहिरातीत लिहावी आणि तिला गुण द्यावेत.

तेव्हा क्रम असा धरावा. आधी कसोटी, मग माणूस, मग यंत्र. घाटकोपरच्या एखाद्या लहान संस्थेला महागडी प्रणाली परवडत नाही असे धरूनच आम्ही पुढील गोष्टी सुचवितो. यांतली बहुतेक कामे संगणकावरच्या साध्या कोष्टकात, म्हणजे एक्सेलमध्ये, होण्यासारखी आहेत.

प्रथम, जाहिरात काढण्यापूर्वी त्या जागेवरचा माणूस पहिल्या सहा महिन्यांत कोणती चार-पाच कामे करील, हे लिहून काढावे. इंग्रजी, पदवी, संगणक यांपैकी जे त्या कामांना खरोखर लागते तेवढेच मागावे. मग जाहिरात मराठी, हिंदी आणि जेथे लागेल तेथे उर्दूतही काढून वस्तीतल्या वाचनालयात, अंगणवाडीत, रेशन दुकानापाशी लावावी. केवळ इंटरनेटवर ठेवलेली जागा सर्वांसाठी खुली आहे असे म्हणता येत नाही.

दुसरे, अर्जाचा नमुना सर्वांना एकच असावा आणि तो मोबाईलवर भरता यावा. त्यात छायाचित्र नको, वडिलांचा व्यवसाय नको, लग्न झाले की नाही हे नको. मुलीला ‘लग्नानंतर काम सोडशील का?’ असे विचारण्याची चाल अजून गेलेली नाही. 1976 च्या समान वेतन कायद्याने स्त्रियांविरुद्ध भरतीतील भेदभावास मनाई केली होती. पुढे 2019 च्या वेतनसंहितेनेही तेच तत्त्व घेतले. आलेल्या अर्जांना कार्यालयातील एकाने क्रमांक द्यावेत आणि नावांची यादी आपल्याकडे ठेवून केवळ क्रमांकाचे कागद वाचणाऱ्यांना द्यावेत.

तिसरे, कामाचा नमुना मागावा. ‘एका बाईचे रेशनकार्ड गावचे आहे, मूल आजारी आहे, नवरा आठवडाभर घरी नाही, तुम्ही पहिल्या दिवशी काय कराल?’ असा प्रश्न द्यावा आणि उत्तर उमेदवाराच्या सवडीच्या भाषेत घ्यावे. चांगल्या उत्तरात कोणते मुद्दे असावेत हे आधीच लिहून ठेवावे. दोघांनी स्वतंत्रपणे गुण द्यावेत. गुण देऊन झाल्याशिवाय एकमेकांशी बोलू नये. कारण मोठ्या खुर्चीवरचा आधी बोलला की धाकटा आपले मत गिळतो.

चौथे, मुलाखतीत सर्वांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारावेत. गप्पांच्या ओघात माणूस पारखण्याची आपल्याकडे मोठी हौस आहे. परंतु निवडीच्या पद्धतींवरील संशोधनाचा 2022 साली पॉल सॅकेट व सहकाऱ्यांनी फेरआढावा घेतला, तेव्हा माणूस पुढे काम कसे करील याचा अंदाज देण्यात आखीव मुलाखत आघाडीवर आणि मोकळ्या गप्पांची मुलाखत पुष्कळ मागे आढळली.

पाचवी गोष्ट आमच्या मते सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. मोजावे. प्रत्येक पायरीवर कोण आले व कोण गळले याची नोंद ठेवावी. समजा, 200 अर्ज आले. त्यांतले 120 इमारतींत राहणाऱ्यांचे आणि 80 वस्त्यांतल्यांचे. मुलाखतीला पहिल्यांपैकी 36 आले, दुसऱ्यांपैकी 8. म्हणजे एकीकडे शंभरास 30, दुसरीकडे शंभरास 10; प्रमाण एकतृतीयांश. अमेरिकेत 1978 च्या सरकारी मार्गदर्शक नियमांप्रमाणे हे प्रमाण चारपंचमांशाहून खाली गेले की ती चाळणी तपासून पाहतात. लहान आकड्यांत योगायोगही असतो, म्हणून एवढ्यावरून कोणास दोषी ठरवू नये. तथापि कोणत्या पायरीवर एवढी माणसे गळाली, तेथे कोणती अट होती आणि ती कामाला खरोखर लागते काय, हे विचारण्यास एवढे पुरेसे आहे. जात, धर्म, अपंगत्व यांची माहिती मोजणीसाठी घ्यावयाची तर ती ऐच्छिक असावी, वेगळ्या कागदावर असावी, आणि निवड करणाऱ्यांच्या हाती पडू नये. 2023 च्या व्यक्तिगत माहिती संरक्षणाच्या कायद्याचा आशयही हाच, की कोणाची माहिती घेतली तर ती कशासाठी हे सांगून, संमतीने घ्यावी.

ज्या संस्था मोठ्या आहेत आणि अर्जांचा क्रम लावणारी प्रणाली विकत घेऊ पाहतात, त्यांनी विकणाऱ्यास तीन प्रश्न विचारावेत. हे यंत्र कोणाच्या निवडींवर शिकले? एखादा अर्ज खाली का गेला, याचे कारण ते सांगू शकते काय? स्त्रिया, दलित, मुसलमान, अपंग, मराठी-हिंदी माध्यमातले उमेदवार यांच्यावर त्याचा काय परिणाम होतो, हे तिऱ्हाइताने तपासले आहे काय? न्यूयॉर्क शहरात 2023 च्या जुलैपासून अशी स्वतंत्र तपासणी झाल्याखेरीज ही यंत्रे नोकरभरतीत वापरता येत नाहीत. आपल्याकडे तसा नियम होईपर्यंत घेणाऱ्यानेच सावध राहिले पाहिजे. उत्तर न देणाऱ्याचे यंत्र घेऊ नये.

शेवटची गोष्ट उत्तराची. आमच्याकडे येणाऱ्या तरुण मुलामुलींची मोठी तक्रार नकाराची नसते. अर्ज केला, मुलाखतही दिली, पुढे कोणी काही कळविलेच नाही, ही असते. एका मुलीने आम्हांस विचारले, ‘दादा, मी नेमकी कशात कमी पडले, एवढे तरी त्यांनी सांगायला नको का?’ तिचा प्रश्न न्याय्य आहे. जी संस्था कारण लिहून देते तिला कारण शोधावे लागते, आणि जे कारण लिहिताना संकोच वाटतो ते बहुधा कारण नसून ग्रह असतो. प्रणालीतून शंभर जणांना दोन ओळींचे उत्तर पाठविणे आता मिनिटांचे काम आहे. यंत्राचा इतका निर्मळ उपयोग दुसरा नसेल.

यावर आक्षेप येतो तो असा. सेवेच्या कामात विश्वास हवा, जिव्हाळा हवा. तो गुणांच्या कोष्टकात कसा मोजावा? आमचे उत्तर असे, की जिव्हाळा अवश्य पाहावा, परंतु जिव्हाळा म्हणजे काय हे आधी लिहून काढावे. वस्तीत चार वर्षे काम केले, रात्री-अपरात्री बाळंतिणीला राजावाडी इस्पितळात पोहोचविले, हा जिव्हाळा मोजण्यासारखा आहे. ‘आपल्यातलाच वाटतो’ हा जिव्हाळा नव्हे. त्या शब्दांच्या आड जॉबरच्या रांगेतला गाववाला उभा असतो.

या सभेत संस्थांचे चिटणीस आणि विश्वस्त असतील, त्यांना एवढीच विनंती आहे. नवी प्रणाली घेण्याच्या आधी मागील दोन वर्षांत आपण नेमलेल्या माणसांची यादी काढा. जागा कळली कशी, अर्ज किती आले, कोणत्या भागातून आले, बोलाविले कोणाला आणि घेतले कोणाला, एवढे पाच रकाने भरा. जेथे रकाना रिकामा राहील तेथून कामाला सुरुवात करा. आणि तरुण श्रोत्यांना सांगणे असे, की नकार आला तर कारण लेखी मागा. ते मागण्यात कमीपणा नाही.